एम मोडवर फोटो कधी काळे, कधी पांढरे. फोटोग्राफीच्या क्लासला नवीन आहे, आधी काय पक्कं करू?

चोपड्याची_लेक

राम राम मंडळी. जळगावला शनिवार-रविवारचा फोटोग्राफीचा क्लास लावलाय. कॅमेरा कॅनन १५००डी आणि सोबत मिळालेली १८-५५ लेन्स. सरांचं म्हणणं, हिरव्या ऑटोला हात लावायचा नाही, एम मोडवरच, म्हणजे सगळं हाताने ठरवून, शिकायचं. अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ म्हणजे काय ते वहीत लिहून झालं, पाठही झालं: पहिलं लेन्सचं छिद्र (एफचा आकडा मोठा तर छिद्र लहान), दुसरं ते किती वेळ उघडं राहतं, तिसरं उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील. पण शेतात उभी राहिले की कोणतं चाक कुठे फिरवायचं ते सुचत नाही.

अडचणी अशा आहेत. कापूस वेचणीचे फोटो काढताना पट्टीवरचा काटा बरोबर मध्ये आणते, तरी बोंडं राखाडी, मळकट दिसतात. १८ वर नीट आलेला फोटो झूम करून ५५ वर घेतला की काळपट होतो. कधी कधी शटर कितीही फिरवलं तरी उजेड तेवढाच राहतो, जसं काही चाक चालतच नाही. आणि संध्याकाळी आई खापरावर मांडे टाकते त्याचे फोटो हवे आहेत, पण हात तरी हललेले येतात नाहीतर सगळंच हललेलं.

नुसतं "सराव करा" असं सांगू नका. सराव करतेच आहे, नेमकं काय बघायचं ते सांगा.

तापीकाठ

ताई, चारपैकी दोन अडचणी फक्त सेटिंगच्या आहेत. त्या आधी उडवू.

शटर फिरवूनही उजेड बदलत नाही, कारण तुमचा आयएसओ ऑटोवर आहे. एम मोडमध्येही आयएसओ ऑटो राहू शकतो. तुम्ही शटर १/१२५ वरून १/५०० केलं की कॅमेरा गुपचूप आयएसओ चौपट वाढवतो आणि फोटो होता तसाच येतो. शिकत असेपर्यंत आयएसओ हाताने ठेवा: उन्हात १००, सावलीत ४००, घरात १६०० पासून पुढे. मेनूत ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर नावाची सोय आहे, तीही बंद करा. फोटोचा काळोखा भाग ती परस्पर उजळते, त्यामुळे आपण केलेल्या बदलाचा खरा परिणाम दिसत नाही.

झूम केल्यावर काळपट होण्याचं कारण लेन्सवरच छापलेलं आहे: १:३.५-५.६. म्हणजे १८ मिमीला ही लेन्स एफ/३.५ पर्यंत उघडते, पण ५५ ला जास्तीत जास्त एफ/५.६ पर्यंतच. तुम्ही एफ/३.५ ठेवून झूम केलं की कॅमेऱ्याला नाइलाजाने ५.६ वर यावं लागतं. एवढ्यात साधारण सव्वा ते दीड स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे निम्म्याहून जास्त. एम मोडवर शटर तुमच्या ताब्यात असल्याने कॅमेरा ती तूट भरून काढत नाही. झूम करत काम करायचं असेल तर सुरुवातीलाच एफ/५.६ किंवा एफ/८ लावा. मग झूम कितीही फिरवा, उजेड हलणार नाही.

आता कापूस. माझ्या मते सगळ्यात आधी पक्की करायची गोष्ट हीच. कॅमेऱ्याच्या मीटरला समोर कापूस आहे की म्हैस, हे कळत नाही. त्याला फक्त परत आलेला उजेड कळतो, आणि समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे असं धरून तो हिशेब करतो. काटा मध्ये आणणं म्हणजे "समोरचं राखाडी कर" असा हुकूम देणं. म्हणून कापूस काळवंडतो आणि म्हैस धुरकट, फिकी होते. मीटर बिघडलेला नाही, त्याचं कामच तेवढं आहे.

घरी हे करून बघा. कॅमेरा एव्ही मोडवर (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), आयएसओ ४००, लेन्सचं बटण एमएफवर, कारण कोऱ्या कागदावर ऑटोफोकस लागत नाही. खिडकीजवळ पांढरा कागद ठेवा, पूर्ण फ्रेम भरेल इतक्या जवळ जा, आपली सावली पडू देऊ नका, आणि फोटो घ्या. मग त्याच जागी काळं कापड ठेवून दुसरा. दोन्ही फोटो शेजारी शेजारी बघा. नंतर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबाहून इतके स्टॉप जास्त किंवा कमी उजेड, कागदाला +१ २/३ आणि कापडाला -१ १/३ देऊन पुन्हा घ्या. तुमच्या कॅमेऱ्यात एव्ही +/- चं बटण दाबून धरायचं आणि वरचं चाक फिरवायचं. एम मोडमध्ये मात्र हेच बटण धरून चाक फिरवलं की अ‍ॅपर्चर बदलतं. तिथे कॉम्पेन्सेशन म्हणजे काटा स्वतःच मध्यापासून उजवीकडे किंवा डावीकडे नेऊन ठेवणं.

अंदाजासाठी: फ्रेमभर फुटलेला कापूस असेल तर +१ १/३ ते +१ २/३. पांढरं धोतर-टोपी घातलेला माणूस अर्ध्या फ्रेमात असेल तर +२/३. म्हैस किंवा लळिंगच्या किल्ल्याचा काळा दगड फ्रेमभर असेल तर -२/३ ते -१. सावळा चेहरा जवळून घेताना मीटर त्याला उगाच उजळवतो, तिथे -१/३ ते -२/३ दिलं की खरा रंग राहतो. नंतर फोटो उघडून माहितीचा पडदा आणा. पांढरा भाग काळा-पांढरा लुकलुकत असेल तर तिथला तपशील गेला, १/३ मागे या. स्क्रीनच्या उजेडावरून ठरवू नका. भर उन्हात प्रत्येक फोटो स्क्रीनवर काळाच वाटतो.

शेतात मीटरकडे न बघताही काम भागतं. निरभ्र आकाश, लख्ख ऊन आणि पाठीशी सूर्य असेल तर एफ/१६ ला शटर आयएसओच्या आकड्याइतकं: आयएसओ १०० ला १/१००, तुमच्या कॅमेऱ्यावर १/१२५ चालेल. त्यावरून एफ/११ ला १/२५०, एफ/८ ला १/५००. एफ/८, १/५००, आयएसओ १०० लावून वेचणीचा फोटो घ्या. कापूस पांढरा, लुगडं लुगड्याच्या रंगाचं आणि माती काळी येईल. इथे आपण वस्तूवरून परतलेला उजेड मोजत नाही, तिच्यावर पडणारं ऊन धरतो. ऊन कोवळं असेल, सावल्या मऊ असतील तर एक स्टॉप जास्त द्या.

सरांचं म्हणणं मोडा असं मी सांगत नाही, पण क्लासबाहेरचे पहिले काही आठवडे एव्ही मोड वापरा. एक गोष्ट तुम्ही ठरवायची, दुसरी कॅमेऱ्याने. प्रत्येक फोटोनंतर कॅमेऱ्याने कोणतं शटर निवडलं ते वाचायचं. आकडे अंगवळणी असेच पडतात.

सावद्याचा_केळीवाला

तापीकाठ भाऊंचं मीटरचं म्हणणं सोळा आणे खरं. फक्त एव्ही आधी, हे पटत नाही. सरांचं बरोबर आहे.

कारण सांगतो. वेचणीचा उजेड तासभर तसाच असतो, पण फ्रेम सारखी बदलते. एकदा कापूस जास्त, एकदा काळी माती जास्त, एकदा मागे आकाश. एव्हीवर कॅमेरा दर फोटोला नवीन निर्णय घेतो, म्हणजे तुम्हीही दर फोटोला कॉम्पेन्सेशन बदलत बसायचं. एमवर एकदा एफ/८, १/५००, १०० बसवलं की दहा फोटो एकसारखे येतात. उजेड स्थिर असेल तिथे एम हाच सोपा मोड आहे. ढग येत-जात असतील, देवळातून अंगणात ये-जा असेल, तिथे एव्ही. मोड निवडताना उजेड बदलतोय का एवढंच बघा.

दुसरं, आपल्याकडे क्लासवाले हमखास रावेर-यावलच्या केळीच्या बागेत नेतात. तिथली अडचण आधीच सांगून ठेवतो, कारण ती कुठल्या पुस्तकात सहसा नसते. बागेत आत गेलं की उजेड पानांतून गाळून येतो, म्हणून हिरवा असतो. डोळ्याला जाणवत नाही, फोटोत चेहरा हिरवट, आजारी दिसतो. ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाचा रंग ओळखून पांढरं पांढरंच ठेवणारी सोय) पानांचा हिरवा आणि उजेडाचा हिरवा वेगळा काढता येत नाही. बाहेर उन्हात बसवलेला व्हाइट बॅलन्सही आत चालत नाही. आत, माणूस उभा आहे त्याच जागी पांढरा कागद धरा, फ्रेमचा मधला भाग भरेल असा फोटो घ्या, आणि मेनूतल्या कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये तो फोटो निवडा. मग व्हाइट बॅलन्सच्या यादीतून कस्टम लावायला विसरू नका. पुष्कळ जण फोटो निवडतात आणि ऑटोवरच राहतात.

त्याहून सोपं म्हणजे माणसाला बागेच्या बांधाजवळ, शेवटच्या ओळीत आणा. मोकळ्या आकाशाचा उजेड चेहऱ्यावर येतो आणि मागे बाग राहते. चेहऱ्याच्या बाजूने कोणाला तरी पांढरी चादर धरायला सांगा, डोळ्यांखालच्या सावल्याही भरून निघतात. आत खोलवर काढायचंच असेल तर पानांच्या फटीतून पडणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर नकोत. कवडसा आणि त्याशेजारची सावली यांत चार-पाच स्टॉपचा फरक सहज असतो. चेहरा सांभाळला तर कवडसा पांढरा फटक होतो.

अप्पा_धुळे

चुलीचं मी सांगतो, ताई.

फोटो हलतो तो दोन कारणांनी, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. सगळंच हललेलं असेल, चूल, भिंत, भांडी सुद्धा, तर तुमचा हात हललाय. चूल स्पष्ट आणि फक्त आईचे हात पुसट असतील तर आईचे हात हललेत. फोटो मोठा करून भिंतीकडे बघा, लगेच कळतं.

आपल्या हाताचा हिशेब: कॅननच्या या सेन्सरला लेन्सचा आकडा १.६ ने गुणायचा. ५५ चे होतात ८८, म्हणून शटर १/१०० च्या खाली नको. १८ चे होतात २९, तिथे १/३० चालतं. लेन्सवर स्टॅबिलायझरचं बटण असेल तर चालू ठेवा, त्याने आणखी सावकाश शटर पेलतं. पण स्टॅबिलायझर फक्त तुमच्या हाताची थरथर सांभाळतो, मांडा पसरवणाऱ्या हातांवर त्याचा काही उपयोग नाही. त्या हातांना १/१०० किमान, झटकन फिरवताना १/२५०.

आता अ‍ॅपर्चर. झूम करू नका. १८ ते २४ च्या बाजूला लेन्स जास्त उघडते, म्हणून रुंद ठेवून स्वतः पुढे सरका. पण चुलीच्या धगीपासून हातभर तरी लांब राहा, लेन्सवर वाफ आणि तुपाचा हलका थर बसतो. एफ/३.५ किंवा एफ/४, १/१००, आयएसओ ३२०० इथून सुरू करा. कमी पडलं तर ६४००. दाणे येतील, येऊ द्या. दाणेदार पण स्थिर फोटो वापरता येतो, हललेल्याला औषध नाही. उलट ३२०० वर अंधारा काढून नंतर मोबाइलवर उजळला तर दाणे दुप्पट दिसतात, म्हणून घेतानाच पुरेसा उजळ घ्या.

१/१०० मुद्दाम सांगितलं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी आणि जुन्या नळ्या सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५०० सारखं शटर लावलं की एक फोटो उजळ, एक मंद, कधी आडवे पट्टे. १/५० किंवा १/१०० ला पूर्ण लुकलुक एका फोटोत मावते आणि पट्टे जातात. लग्नाच्या मांडवातही हेच लक्षात ठेवा.

रंगाचं: विस्तवाचा उजेड तांबूस, एलईडी निळसर, दारातून येणारा दिवसाचा आणखी वेगळा. तिन्ही एकत्र असले की आईच्या चेहऱ्याची एक बाजू निळी, एक नारिंगी. शक्यतो एलईडी बंद करा. रात्रीपर्यंत न थांबता ऊन उतरतं तेव्हा, दार उघडं ठेवून घ्या. दाराचा उजेड बाजूने येईल असं उभं राहा, चूल मध्ये. धूर बाजूच्या किंवा मागच्या उजेडातच दिसतो. दाराकडे पाठ करून काढलात तर धूर नाहीसा होतो आणि मांडाही सपाट दिसतो. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवा, विस्तव तांबूसच राहिला पाहिजे.

फोकस: तुमच्या कॅमेऱ्यात नऊ बिंदू आहेत, पण अंधारात सगळ्यात भरवशाचा मधला. एकच मधला बिंदू निवडा. नऊही चालू ठेवले तर कॅमेरा बहुधा जवळची वस्तू धरतो, म्हणजे परात स्पष्ट आणि आई पुसट. मधला बिंदू खापराच्या कडेवर किंवा बांगड्यांवर ठेवा, बटण अर्धं दाबा, टिक झालं की बटण तसंच धरून फ्रेम नीट करा, मग पूर्ण दाबा. व्ह्यूफाइंडरमधूनच पुसट दिसत असेल तर शेजारचं छोटं चाक फिरवून आपल्या नंबराप्रमाणे बसवा. बरेच जण लेन्सला दोष देतात आणि हे चाक कधी फिरवलेलंच नसतं.

चोपड्याची_लेक

बठ्ठ्यांचे आभार. कागद-कापडाचं करून बघितलं. पांढरा आणि काळा, दोघं एकाच राखाडी रंगाचे आले! आता पट्टीवरचा काटा मध्ये दिसला की लगेच विश्वास ठेवत नाही. आयएसओ खरंच ऑटोवर होता.

अजून दोन-तीन गोष्टी विचारते. क्लासमधल्या एकांच्या फोटोत मागचं सगळं विरघळल्यासारखं होतं, १८-५५ ने तसं होतं का? जुनी ५० ची लेन्स घेऊ का? आणि आपल्याकडच्या धुळीचं, उन्हाळ्याचं काय करायचं? दत्तजयंतीला क्लास सारंगखेड्याच्या यात्रेला जाणार आहे, तिथल्या घोड्यांसाठी काही वेगळं लागेल का?

तापीकाठ

१८-५५ ने होतं, फक्त एफचा आकडा एकटा ते काम करत नाही. तीन गोष्टी एकत्र लागतात: लेन्स ५५ वर, तुम्ही माणसाच्या जवळ, आणि मागची भिंत किंवा झाडं लांब.

आकड्यांत बघा. ५५ मिमी, एफ/५.६, माणूस १.२ मीटरवर: स्पष्ट पट्टा जेमतेम १० सेंटिमीटर. तोच माणूस ३ मीटरवर: ६० सेंटिमीटरच्या वर. आणि १८ मिमीवर, त्याच एफ/५.६ ला, १.२ मीटरवर उभं राहिलं तर दोन हातांहून जास्त, मीटरभराचा पट्टा स्पष्ट. म्हणजे दोन पावलं पुढे जाण्याने जे होतं ते महागड्या लेन्सइतकंच मोलाचं आहे. माणूस भिंतीला टेकून उभा असेल तर एफ/१.८ सुद्धा भिंत विरघळवू शकत नाही. त्याला भिंतीपासून पाच-सहा मीटर पुढे आणा.

जवळून चेहरा घेताना पट्टा १० सेंटिमीटरचा असतो, तेव्हा फोकस डोळ्यावरच हवा. फोकस धरून फ्रेम बदलताना तुम्ही पुढे-मागे झुकलात तरी डोळा पट्ट्याबाहेर जातो. अशा वेळी फ्रेम आधी ठरवा आणि डोळ्याजवळचा बिंदू निवडा.

मागचं सगळं विरघळवण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. वेचणीच्या फोटोत मागच्या बायका, बैलगाडी, सातपुड्याची रेघ दिसली तरच तो आपल्या शेतातला फोटो. तिथे एफ/८, एफ/११ च बरं. एफ/२२ वर जाऊ नका, इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि पूर्ण फोटोच थोडा मऊ पडतो.

नंदुरबारकर_सेकंडहँड

५० ची एफ/१.८ जुनी घ्यायला हरकत नाही. कॅननची एसटीएम बघा, तिचा माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी) धातूचा आहे आणि ती ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते. त्याआधीची प्लास्टिक माउंटची स्वस्तात मिळते, पण फोकस करताना गुरगुरते आणि ४५ सेंटिमीटरच्या आत येत नाही. आरएफ लिहिलेली लेन्स तुमच्या बॉडीला बसत नाही, ईएफ किंवा ईएफ-एसच हवी. (वाचणाऱ्या निकॉनवाल्यांसाठी: डी३५००, डी५६०० अशा बॉडीत फोकसची मोटर नाही. एएफ-डी लेन्स स्वस्त दिसली तरी तिच्यावर फोकस हाताने करावा लागेल. एएफ-एस किंवा एएफ-पी घ्या.)

घेताना लेन्स उघड्यावर बघू नका. अंधाऱ्या जागी मागून मोबाइलचा टॉर्च धरा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, सोडून द्या. एक-दोन धुळीचे कण असले तर फोटोवर फरक पडत नाही. नंतर बॉडीला लावून एफ/१.८ आणि एफ/१६ दोन्हीवर काढून बघा. एफ/१६ ला फोटो मधूनच जास्त उजळ येत असेल तर छिद्र लहान-मोठं करणारी पाती अडकतात. आणि हे आधीच समजून घ्या की ५० ची लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर ८० सारखी वागते. छोट्या स्वयंपाकघरात फक्त चेहरा नाहीतर हात एवढंच मावेल, खापर आणि आई एकत्र नाही.

धूळ: लेन्स बदलताना कॅमेरा बंद, तोंड खाली, दुसरी लेन्स झाकण सैल करून हाताशी तयार. वारं सुटलं असेल तर बदलूच नका, गाडीत किंवा पिशवीत बदला. सेन्सरवर धूळ आहे का ते बघायला एफ/२२, आयएसओ १००, फोकस मुद्दाम बिघडवून निरभ्र आकाशाचा फोटो घ्या. बारीक काळे ठिपके दिसले तर धूळ. बॅटरी पूर्ण भरून मेनूतलं मॅन्युअल क्लीनिंग चालू करा, कॅमेरा उलटा धरा आणि रबरी ब्लोअरने चार-सहा फुंकर मारा, टोक आत न घालता. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब धुळीहून वाईट. एवढ्याने गेलं नाही तर सर्व्हिस सेंटर.

उन्हाळा: १५००डी सारख्या कॅमेऱ्यांना कंपनीने वापराची मर्यादा ४० अंशांपर्यंत दिली आहे, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. गाडीची डिक्की त्याहून तापते. तिथे ठेवलेल्या लेन्समधलं वंगण पातळ होऊन पात्यांवर येतं, एफ/१६ ला अडकण्याचं एक कारण हेच. काळ्या बॅगेवर ओला नव्हे, कोरडा पांढरा पंचा टाका. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला आपल्याकडे सूर्य अगदी माथ्यावर असतो, तेव्हा डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात. त्या वेळी वऱ्हांड्यात, कडुलिंबाखाली या. बॉडीवरच्या फ्लॅशने ते खड्डे भरू म्हणाल तर त्याचा गाइड नंबर (फ्लॅशचा जोर सांगणारा आकडा) सुमारे ९ आहे: एफ/११ ला जेमतेम ८० सेंटिमीटरपर्यंत पोचतो. शिवाय फ्लॅश उघडला की शटर १/२०० च्या वर जात नाही.

पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करायच्या. चामड्याच्या बॅगेत महिनोन्महिने ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

चाळीसगाव_स्टेशन

उन्हाळ्यात बाहेर जाता येत नाही तेव्हा टेबल आणि खिडकी घ्या. आमच्या चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) टेबलटॉप फोटोग्राफीसाठीच नावाजले, म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडून दृश्य उभं करायचं आणि त्याचा फोटो घ्यायचा. त्यांची छायाचित्रं चाळीसगावातच बघायला मिळतात. क्लासची सहल ठरवत असाल तर तिथे जा, आणि प्रत्येक फोटोसमोर "उजेड कुठून आला" एवढंच शोधा.

घरी एक केळ, एक वांगं आणि एक तांब्या असे दहा-दहा सेंटिमीटर अंतराने मागे-पुढे मांडा. कॅमेरा पुस्तकांच्या चवडीवर ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, लेन्स ५५ वर, फोकस मधल्या वांग्यावर. एव्हीवर एफ/५.६, ११ आणि २२ असे तीन फोटो. मग कॅमेरा न हलवता खिडकीवर पातळ पांढरा पडदा ओढून तेच तीन. मग पडदा काढून खिडकीच्या समोरच्या बाजूने पांढरा कागद धरून तेच तीन. तांब्यावरची चमक आणि वांग्याच्या काळ्या बाजूतला तपशील कसा बदलतो ते पडद्यावर मोठं करून बघा. वांगं मुद्दाम सांगितलं, काळ्या चकचकीत वस्तूवर उजेडाचा आकार स्पष्ट उमटतो.

अप्पा_धुळे

सारंगखेड्याचं राहिलं होतं. पळणाऱ्या घोड्याला १/१०००, नाचणाऱ्याला १/५००. सकाळच्या उन्हात आयएसओ ४००, एफ/५.६ ला १/१००० सहज बसतं, सावलीत आयएसओ वाढवा. फोकस वन शॉटवरून एआय सर्वोवर न्या. नाहीतर अर्धं बटण दाबल्यावर फोकस तिथेच थांबतो आणि घोडा पुढे निघून जातो. तुमचा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो घेतो, म्हणून बटण दाबून धरून नशिबावर सोडू नका. पुढचे पाय वर उठायला लागले की दाबा. रॉ (कॅमेऱ्याची मोठी, कच्ची फाइल) असेल तर थोड्याच फोटोंनंतर कॅमेरा अडतो, घोड्यांसाठी जेपेग ठेवा.

घोडा स्पष्ट आणि मागची गर्दी ओढल्यासारखी हवी असेल तर शटर १/३० ते १/६०, आयएसओ १००. घोडा येताना दिसला की त्याच्या डोळ्यावर बिंदू ठेवून कमरेतून त्याच्याबरोबर वळा, वळता वळता बटण दाबा आणि दाबल्यावरही वळणं थांबवू नका. बहुतेक वाया जातात, त्यासाठी कार्डात जागा ठेवा.

पांढराशुभ्र घोडा म्हणजे पुन्हा कापसाचाच हिशेब, +१. काळा असेल तर -२/३. धूळ खूप उडते, लेन्स बदलायची नाही, एकच लावून जायची. मालकाला विचारून मगच जवळ जा, फ्लॅश बंद ठेवा, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला असताना घोड्याच्या मागच्या पायांजवळ कधीच सरकू नका. एक मैत्रीण शेजारी उभी करा, ती तुमच्या पाठीमागे काय चाललंय ते बघेल.